पाटीचा दगड आणि शोरूममधलं लाकूड

आधीच सांगून टाकतो, पूल किंवा बिलियर्ड्स कसं खेळावं यावरचा हा लेख नाही. माझा खेळ बेताचा आहे. पण टेबल कसं बनवतात यावर मात्र मी कुणाशीही भांडायला तयार आहे, कारण गेली बरीच वर्षं माझं पोट मोजमापं घेण्यावरच चालतं. माझं म्हणणं एवढंच, की घरात ठेवायचं टेबल म्हणून इथे अमेरिकेत जो माल विकला जातो, आणि आता तिकडे पुण्या-मुंबईतही विकला जायला लागलाय, त्यातला बराचसा बिलियर्डचं टेबल म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही. ती टेबलाच्या आकाराची कपाटं असतात. वर हिरवं कापड, कडेला सहा भोकं. आणि विकणाऱ्याला हे चांगलं ठाऊक असतं.

आमच्या ओहायोत बहुतेक घरांखाली तळघर असतं. नवीन घर घेतलं की आपली देशी मंडळी दोनेक वर्षांत ते सजवून घेतात. एका कोपऱ्यात बार, एका भिंतीवर मोठा पडदा आणि मध्ये पूल टेबल. मग शनिवारी शोरूमची वारी. मित्रांबरोबर अशा तीन-चार वाऱ्या मी केल्या आहेत आणि सगळीकडे कीर्तन एकच. विक्रेता आधी पायांपाशी नेतो. सिंहाच्या पंजाचे कोरीव पाय, चेरीचं पॉलिश, कडेच्या लाकडात बसवलेले शिंपल्याचे ठिपके, चामड्याच्या झालरीची पॉकेट्स. मी विचारतो, "कापडाखाली काय आहे?" एका दुकानात उत्तर आलं, "इंजिनिअर्ड बेड आहे सर, दगडापेक्षा सरस." मी स्वतः इंजिनिअर असल्यामुळे हा शब्द ऐकला की मला आधी खिसा चाचपावासा वाटतो. इंजिनिअर्ड म्हणजे लाकडाचा भुसा आणि डिंक दाबून केलेली फळी. आपल्याकडे मॉड्युलर किचनवाले जिला एमडीएफ म्हणतात तीच. काही ठिकाणी तिच्यावर प्लॅस्टिकचा पातळ थर देतात आणि नावात कुठेतरी 'स्लेट' हा शब्द घुसडतात. वनस्पती तुपाच्या डब्यावर गाय छापावी तसं.

आता ही स्लेट म्हणजे काय? दुसरंतिसरं काही नाही, आपल्या पाटीचा दगड. लहानपणी ज्यांनी दगडी पाटीवर अ-आ-इ गिरवलं आणि थुंकी लावून पुसलं (पुसलंच असणार, उगाच सोवळेपणा नको) त्यांनी बिलियर्ड टेबलाला हात लावलेला आहे असंच समजा. इटलीत लिग्युरिया प्रांतात समुद्राकाठी लावान्या नावाचं गाव आहे. त्याच्या पाठीमागच्या फोंतानाबुओना खोऱ्यातून टेबलांसाठीचा नावाजलेला दगड येतो. इटालियन भाषेत शाळेतल्या फळ्यालाही 'लावान्या'च म्हणतात. ब्राझील आणि चीनमधूनही आता हा दगड येतो आणि तो सरसकट वाईट असतो असं मी म्हणणार नाही. पूर्वी इंग्रजांच्या टेबलांना वेल्समधला दगड असे.

लाकूड हा काही नवा शोध नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण एमडीएफवाले आव आणतात तो नव्या तंत्रज्ञानाचा. जुनी टेबलं लाकडाचीच होती. ओक किंवा तत्सम लाकडाच्या फळ्या जोडून त्यांवर कापड ताणत. फळ्या हवेबरोबर फुगत, आकसत, वाकत. शेवटी लंडनच्या जॉन थर्स्टनने १८२६ मध्ये स्लेटचा पृष्ठभाग असलेलं टेबल केलं आणि पुढच्या काही दशकांत लाकडाचा प्रश्न निकालात निघाला. दगड दमट हवेत फुगत नाही, थरांमध्ये फुटतो म्हणून त्याच्या मोठ्या सपाट लाद्या निघतात, घासून गुळगुळीत करता येतो, त्याला भोक पाडून स्क्रू बसवता येतो. ग्रॅनाइट जास्त कठीण, पण त्यावर काम करणं महाग. म्हणजे जो प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी सुटला होता तो आता कारखान्यात परत तयार करून आपल्याला विकतात, आणि वर त्याला प्रगती म्हणतात.

"पण एवढं काय अडतं? कॅरम नाही का आपण प्लायवर खेळत?" हा प्रश्न मला दर वेळी ऐकायला मिळतो. चांगला प्रश्न आहे. कॅरमची सोंगटी घसरते. पावडर कितीही टाका, घर्षण तिला सेकंद-दीड सेकंदात थांबवतं. बोर्ड जरासा कलला असला तरी तेवढ्या वेळात ती फार वाकडी जाऊ शकत नाही. बिलियर्डचा बॉल गडगडतो. गडगडणाऱ्या गोळ्याला विरोध फार कमी, त्यामुळे तो सावकाश आणि लांब जातो, आणि जितका वेळ चालत राहील तितका वेळ उतार त्याला आपल्याकडे ओढत राहतो. आकडेच मांडू. समजा टेबलाला आडवा उतार आहे, मीटरला फक्त १ मिलिमीटर. हळू मारलेल्या बॉलला २ मीटर जायला ४ सेकंद लागले. भरीव गोळा उतारावरून गडगडताना त्याचं त्वरण घसरणाऱ्या वस्तूच्या पाच-सप्तमांश असतं, हे अकरावी-बारावीच्या पुस्तकात आहे. गुणाकार केलात तर बॉल साधारण साडेपाच सेंटिमीटर बाजूला सरकलेला दिसेल. पूलच्या बॉलचा व्यास ५७.१५ मिलिमीटर. म्हणजे मीटरला एका मिलिमीटरच्या कलाने जवळजवळ एक अख्खा बॉल नेम चुकतो, आणि पॉकेटचं तोंड असतं दोन बॉलांपेक्षा थोडंसं मोठं. झालं की काम.

म्हणूनच जागतिक पूल संघटनेच्या नियमांत टेबलाचा पृष्ठभाग लांबीत ०.०२० इंच आणि रुंदीत ०.०१० इंच इतपतच कमीजास्त चालतो. अर्धा आणि पाव मिलिमीटर. स्लेटचे तुकडे जिथे जुळतात तिथे दोन्ही बाजूंच्या उंचीत ०.००५ इंचापेक्षा जास्त फरक नको. झेरॉक्सचा एक कागद साधारण तेवढाच जाड असतो. भुशाच्या फळीने तळघराच्या दमट हवेत दोन-तीन वर्षं हे पाळावं अशी अपेक्षा करणं म्हणजे बर्फाच्या लादीवर संसार मांडणं.

माझ्या एका सहकाऱ्याकडे असं एक टेबल आलं. दुकानाचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, दुकानं सगळी सारखीच. त्याची मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती आणि तिला खेळाचं खरंखुरं वेड लागलं. रोज शाळेतून आली की तासभर तळघरात. दोन वर्षांनी ती एका हॉलमध्ये मुलांच्या स्पर्धेला गेली आणि सोपे सोपे फटके चुकवून रडत घरी आली. बापाला वाटलं दडपण आलं असेल. मी कामावरची लेव्हल आणि सरळ पट्टी घेऊन त्यांच्या घरी गेलो. टेबल मध्यभागी जवळपास ४ मिलिमीटर खाली बसलं होतं, एखाद्या परातीसारखं. त्या पोरीने दोन वर्षं त्या परातीचा अभ्यास केला होता! लांबचा फटका कुठे वळेल, कुठे किती आधी मारायचं, सगळं तिला पाठ होतं, आणि ते सगळं ज्ञान जगातल्या दुसऱ्या कुठल्याही टेबलावर निरुपयोगी. वर ती स्वतःलाच बोल लावत होती. याचा मला खरा संताप येतो. फसवणूक पैशांची झाली असती तर मी हा लेख लिहिलाही नसता.

दुकानाला फोन केला तर सल्ला मिळाला, पायाखालचे स्क्रू फिरवून लेव्हल करून घ्या. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण याच ठिकाणी गिऱ्हाईक गंडतं. पातळीत असणं वेगळं आणि सपाट असणं वेगळं. टेबल एका बाजूला कललं असेल तर पाय वरखाली करून ते पातळीत येतं. पण पृष्ठभागच खोलगट झाला असेल तर पायांचे स्क्रू जन्मभर फिरवत बसा, परातीची फार तर पातळीत ठेवलेली परात होईल.

मग चांगलं टेबल बनतं कसं? खाणीतून दगडाचे ठोकळे येतात, ते थरांवर फोडतात, लाद्या कापतात आणि हिऱ्याच्या चाकांखाली घासून एका जाडीला आणतात. आठ फुटी घरगुती टेबलाला इंचभर जाडीची स्लेट म्हणजे वजन साधारण २०० किलो भरतं. एवढा अखंड दगड तळघराच्या जिन्यातून उतरवायचा तर क्रेन लागेल, म्हणून घरगुती टेबलाला तो तीन तुकड्यांत येतो. हे तीन तुकडे एकत्रच घासलेले, जोडीचे असतात. एकातला फुटला तर दुसऱ्या टेबलाचा आणून बसवता येत नाही. (इंग्रजी पद्धतीचं बारा फुटी स्नूकर टेबल पाच तुकड्यांचं, आणि अख्ख्या टेबलाचं वजन सव्वा टनाच्या पुढे. आठ जाडजूड पाय असतात ते शोभेसाठी नव्हेत.) प्रत्येक तुकड्याच्या खालून कडेला लाकडाची पट्टी चिकटवलेली असते, कारण दगडात स्टेपल मारता येत नाही आणि कापड कुठेतरी अडकवायला हवं.

खाली चौकट. तिच्यात आडव्या तुळया, मध्ये एक उभी. लाकडाचा खरा खर्च इथे व्हायला हवा, जिथे तो कुणाला दिसत नाही, आणि शोरूमच्या टेबलात नेमकी इथेच काटकसर केलेली असते. पाय कोरीव, आणि आत तुळई म्हणून एक हडकुळी फळी! स्लेटसुद्धा काही देव नाही. आधार नसेल तर तीही हळूहळू वाकते, आणि पाऊण इंची स्लेट भक्कम चौकटीवर असेल तर ती इंची स्लेट हलक्या चौकटीवर ठेवण्यापेक्षा बरी.

यानंतर येतो तो माणूस, ज्याच्यावर सगळं अवलंबून आहे आणि ज्याचं नाव कुठल्याही जाहिरातीत नसतं. इथे त्याला टेबल मेकॅनिक म्हणतात. त्या सहकाऱ्याने पुढे जुनं स्लेटचं टेबल घेतलं तेव्हा असा एक साठीचा माणूस आला होता, मी त्याच्या हाताखाली दिवसभर हमाली केली. आधी चौकट पातळीत. मग दगडाचे तीन तुकडे मांडून त्यांच्याखाली पातळ पाचरी. आपला गवंडी पाणसळ वापरतो तशीच ही लेव्हल, फक्त शंभरपट नाजूक. एक पाचर केसभर ठोकायची, लेव्हलचा बुडबुडा स्थिर होईपर्यंत थांबायचं, बघायचं, परत ठोकायची. सांध्यावरून त्याने डोळे मिटून नख फिरवलं, बहुधा डोळ्यांपेक्षा त्याचा नखावर विश्वास जास्त. स्क्रू आवळले की दगड पुन्हा हलतो, म्हणून परत पहिल्यापासून. मग मधमाश्यांचं मेण वितळवून सांधे आणि स्क्रूची भोकं भरली आणि वर आलेलं मेण पात्याने खरवडून काढलं. मग कापड. कापड ताणणं ही वेगळीच विद्या. सैल राहिलं तर बॉल अडखळतो, आणि पॉकेटच्या वळणावर एकही चुणी दिसता कामा नये. सकाळी नऊला सुरू झालेलं काम चारला संपलं. हेच काम "डिलिव्हरीबरोबर मोफत फिटिंग" म्हणून दोन पोरं दीड तासात उरकतात, कारण त्यांना टेबलामागे पैसे मिळतात आणि त्याच दिवशी आणखी तीन घरं करायची असतात. त्या पोरांना मी दोष देत नाही. मोफत या शब्दाला देतो.

कुशनबद्दलही थोडं. सुरुवातीच्या कुशनमध्ये कापडाच्या चिंध्या, केस वगैरे भरत. थर्स्टननेच १८३५ च्या सुमारास रबर आणलं, पण साधं रबर थंडीत लाकडासारखं होई, खेळाआधी ते गरम पाण्याच्या भांड्यांनी शेकावं लागे. व्हल्कनाइझ केलेलं रबर आल्यावर, म्हणजे १८४० च्या दशकाच्या मध्यावर, ही शेकाशेकी थांबली. आता कुशनचं टोक पृष्ठभागापासून किती उंच हवं यालाही नियम आहे, बॉलच्या व्यासाच्या ६३.५ टक्के, एक टक्का इकडेतिकडे. म्हणजे ३६ मिलिमीटरच्या जरा वर. हे आकाशातून पडलेलं नाही. चक्रीवादळांच्या वळणाशी ज्याचं नाव जोडलंय त्या कोरिओलिसने १८३५ मध्ये बिलियर्डच्या गणितावर अख्खं पुस्तक लिहिलं. गोळ्याला व्यासाच्या सात-दशांश उंचीवर आडवा फटका बसला तर तो न घसरता थेट गडगडायला लागतो, आणि कुशनची उंची त्याच्याच आसपास, किंचित खाली ठेवलेली असते. रबर चांगलं हवंच, पण ते ज्या लाकडाला चिकटवलंय ते दगडाला बोल्टने घट्ट आवळलेलं असेल तरच बॉल जोरात परत येतो. तेच हलक्या फळीला जोडलं तर फटक्याची अर्धी ताकद फळी हलवण्यात जाते आणि धप्प असा आवाज येतो. दुकानात हा आवाज ऐका. टेबलाच्या लांबीत जोरात फटका मारा आणि बॉल किती वेळा इकडून तिकडे जातो ते मोजा. चार लांब्या झाल्या नाहीत तर विक्रेत्याला नमस्कार करून बाहेर पडा.

"घरात मजेसाठीच तर हवंय" हा शेवटचा बचाव. मजेसाठी असेल तर कॅरम घ्या ना! कॅरमबोर्ड ही प्रामाणिक वस्तू आहे, तो जे आहे तेच दिसतो, दिवाणाखाली मावतो आणि चार पिढ्या एकत्र बसून खेळतात. हजार डॉलरच्या आत नवंकोरं टेबल मिळतंय म्हणून जे ते घेतात, त्यांना मी जुन्या स्लेटच्या टेबलाकडे बघायला सांगतो. इथे लोक घर बदलताना चाळीस-चाळीस वर्षांची टेबलं जवळजवळ फुकट देतात, कारण ती हलवणं त्यांना झेपत नाही. पैसे मेकॅनिकला द्या, कापड आणि लागलं तर रबर नवीन घाला, की टेबल पुढच्या पिढीला तयार. भुशाच्या फळीचं टेबल एकदा फुगलं की रस्त्याच्या कडेला जातं.

आता तिकडचं. हा खेळ आपल्याला परका नाही. स्नूकरचा जन्मच १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमधला. विल्सन जोन्स पुण्यात जन्मलेले, १९५८ मध्ये जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेते झाले, आणि पुन्हा १९६४ मध्ये. मायकेल फरेरा मुंबईचे. पंकज अडवाणीचा जन्मही पुण्याचा. आणि याच पुण्यात मी मागच्या सुट्टीत एका गृहसंकुलाच्या क्लबहाऊसमध्ये असं टेबल पाहिलं, की पांढरा बॉल मध्ये ठेवला तर तो आपणहून कोपऱ्याकडे निघाला. माहितीपत्रकात त्या टेबलाचा पानभर फोटो आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले, "बिल्डर म्हणाला, दगडाचं टेबल स्लॅबला झेपणार नाही."

हे साफ खोटं आहे. भारतीय मानकांप्रमाणे राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला सुमारे २०० किलो वापराचा भार धरून आखतात. आठ फुटी स्लेटचं टेबल सगळं मिळून ४०० किलोच्या आसपास, आणि ते साडेतीन चौरस मीटर जागा व्यापतं. करा भागाकार. बारा फुटी स्नूकर टेबलासाठी मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला जरूर विचारा, तिथे भार आठ पायांवर एकवटतो. जागेचा हिशेब वेगळा. आठ फुटी टेबलाचा खेळायचा भाग ४४ बाय ८८ इंच, क्यू ५८ इंचांची, ती चारही बाजूंना मागे खेचता आली पाहिजे. म्हणजे खोली सव्वातेरा बाय सतरा फूट तरी हवी. दहा फुटी हॉलमध्ये टेबल बसतं, खेळणारा बसत नाही, आणि ही गोष्टही विकणारा सांगत नाही. आणि कोकणात किंवा मुंबईत असाल तर पावसाळ्याचे चार महिने डोळ्यांसमोर आणा, जेव्हा कपाटाची दारंसुद्धा लागत नाहीत.

तेव्हा घ्यायचंच असेल तर दुकानात पायांकडे पाहू नका. खाली वाका, टॉर्च मारा, तुळया मोजा. कापडाखालचा दगड पॉकेटच्या कडेला खालून उघडा दिसतो, त्याला हात लावा, पाटीसारखा गार लागला पाहिजे. तिथे पिवळट भुसा दिसला तर पुढे बोलायचं कारणच नाही. फिटिंगला कोण येणार ते नावानिशी विचारा, आणि तो येईल त्या दिवशी रजा काढून त्याच्यासोबत उभे राहा. कापडाचा रंग घरच्यांना ठरवू द्या.